लिपुलेखच्या वाटेवरची वाखरी

आपल्या मराठी माणसाला सीमा ठाऊक असते ती बहुधा वर्तमानपत्रातली. बेळगाव-कारवारचा प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो. काश्मीरची नियंत्रणरेषा दूरदर्शनवर पाहिली. परदेशी जायचे म्हणजे विमानात बसायचे. मुंबईच्या विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला की देश बदलतो, आणि उतरल्यावर दुसरा शिक्का बसला की दुसरा देश लागतो. मधला प्रवास झोपेत होतो. पाठीवर पिशवी आणि हातात काठी घेऊन, धापा टाकत एका देशातून दुसऱ्या देशात उतरण्याचा प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांवर येतो.

कैलास-मानसरोवरच्या यात्रेत तो येतो. उत्तराखंडातल्या पिथोरागड जिल्ह्याच्या अगदी टोकाला लिपुलेख नावाची खिंड आहे. उंची सुमारे १७ हजार फूट. अलीकडे भारत, पलीकडे चीनच्या ताब्यातला तिबेट आणि उजव्या हाताला नेपाळ. आपले कळसूबाई महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. ते १,६४६ मीटरचे, म्हणजे ५,४०० फुटांचे. अशी तीन कळसूबाई एकावर एक रचली, तरी लिपुलेख आणखी थोडी वर राहते.

ही वाट जुनी आहे. भोटिया व्यापारी, ज्यांना त्या खोऱ्यात 'रं' म्हणतात, शतकानुशतके मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून या खिंडीतून पलीकडे जात आणि मीठ-लोकर घेऊन परत येत. १९५४ साली भारत आणि चीन यांच्यात झालेल्या करारात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी ज्या खिंडींची नावे घातली गेली, त्यांत लिपुलेख होती. १९६२च्या युद्धानंतर ती बंद झाली. १९८१ साली यात्रा पुन्हा सुरू झाली, १९९२ साली सीमेवरचा व्यापारही. १९९८च्या ऑगस्टमध्ये, १७ तारखेच्या रात्री, वाटेवरच्या मालपा गावावर डोंगर कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांत साठ यात्रेकरू होते, नृत्यांगना प्रोतिमा बेदी होत्या. पुढच्या वर्षी यात्रेकरू पुन्हा त्याच वाटेने गेले. श्रद्धा म्हणा किंवा हट्ट म्हणा, माणसाचे असे असते.

आम्ही गेलो २०१४ साली. आम्ही म्हणजे मी आणि माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो, पंचावन्नचा. दाजी त्रेसष्ट वर्षांचे. मूळचे खेड तालुक्यातले. चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षे लेथवर उभे राहिले आणि निवृत्तीनंतर आमच्याच काळेवाडीत दोन खोल्या बांधून राहिले. सलग पंधरा वर्षे त्यांनी पंढरीची वारी केली होती. पायांचा प्रश्नच नव्हता. आम्ही दोघे वर्षभर पहाटे पवनेच्या काठाने चालत असू आणि रविवारी घोरावडेश्वरचा डोंगर चढत असू. दर वेळी दाजी वर पोचून दर्शन उरकून पायरीवर बसलेले असत आणि मी घाम पुसत येई. "पाव्हणं, बँकेतली खुर्ची लई जड आसंल नाय?" असे ते विचारत.

परराष्ट्र मंत्रालयाच्या सोडतीत दोघांचीही नावे निघाली. मग कागदपत्रांचे सत्र सुरू झाले. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर इंडेम्निटी बाँड द्यावा लागतो. बँकेच्या नोकरीत असे शेकडो बाँड मी तपासले होते, पण त्यात माणसे हरवलेल्या मुदत ठेवीच्या पावतीबद्दल लिहून देत. इथे आपल्या जिवाबद्दल लिहून द्यायचे होते. शिवाय आणखी एक संमतीपत्र होते: चीनच्या हद्दीत मृत्यू आला, तर अंत्यसंस्कार तिथेच करण्यास हरकत नाही. ताईने तो कागद दोनदा वाचला. काही बोलली नाही. चहा ठेवायला उठून गेली. आतून तिने एवढेच म्हटले, "दोघे जाताय, दोघे या."

दिल्लीतल्या तपासणीत रक्तदाब, साखर, हृदय, फुप्फुसे सगळे पाहतात. उंचीच्या मानाने वजन जास्त भरले तर परत पाठवतात. दाजी उत्तम गुणांनी पास झाले, मी काठावर.

त्या वर्षी गाडीरस्ता नारायण आश्रमापर्यंत होता. तिथून पुढे पायी: सिरखा, गाला, बुधी, गुंजी. गालाहून लखनपूरला उतरायला ४,४४४ पायऱ्या आहेत. दाजींनी त्या मोजायला घेतल्या आणि हजारावर सोडून दिल्या. खाली काली नदी अशी गर्जत असते की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. नदीच्या या काठाला आपण, त्या काठाला नेपाळ. तिकडच्या बाया गवत कापताना दिसतात, त्यांच्या चुलीचा धूर इकडे येतो. १८१६च्या सुगौलीच्या तहाने ही नदी सीमा ठरली. मात्र नदीचा खरा उगम कोणता, यावरून कालापानी आणि लिपुलेखचा वाद अजून चालू आहे. वाटेवरच्या खेचरवाल्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. त्यांच्यातल्या अनेकांच्या सोयरिकी नदीपलीकडे होत्या.

मालप्याच्या दरडीवरून जाताना सगळी तुकडी आपसूक गप्प झाली. बुधीच्या पुढे छियालेखचा उभा चढ आहे. तो संपला की एकदम फुलांचे पठार लागते आणि चढताना दिलेल्या सगळ्या शिव्या माणूस परत घेतो. पुढे गर्ब्यांग, जमीन खचत चाललेले, कोरीव लाकडी दारांचे जुने श्रीमंत गाव. त्या दारांवरून हात फिरवीत दाजी बराच वेळ उभे राहिले. लेथवर काम केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हाताचे काम दिसते.

गुंजीला, साडेदहा हजार फुटांवर, एक दिवस मुक्काम करून भारत-तिबेट सीमा पोलिसांचे डॉक्टर पुन्हा तपासतात. तिथल्या डॉक्टरांनी आम्हां साठ जणांना समोर बसवून जे सांगितले, ते मी डायरीत लिहून घेतले होते. सतरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. श्वास तेवढाच घेतला तरी प्राणवायू निम्माच मिळतो. शरीर हळूहळू सवय करून घेते, पण त्याला दिवस द्यावे लागतात. ते दिले नाहीत, आणि कधी कधी दिले तरीही, डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. बहुतेकांचे एवढ्यावर भागते. काहींच्या मात्र फुप्फुसात पाणी उतरते, काहींच्या मेंदूला सूज येते. मेंदूला सूज आलेला माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. आणि आपल्याला काही झाले आहे हेच त्याला कळत नाही. यावर खरे औषध एकच, खाली उतरणे. तेही लगेच, उजाडायची वाट न पाहता. "हा त्रास कोणाला होईल ते तब्येत पाहून सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "पहिलवानाला होतो आणि दम्याच्या म्हातारीला होत नाही."

दाजी माझ्याकडे बघून हसले. दम्याची म्हातारी म्हणजे मी.

कालापानीला कालीच्या मंदिरात नारळ फोडून आम्ही नाभीढांगला पोचलो. उंची १४ हजार फूट. समोर ओम पर्वत असतो. काळ्या कड्यावर बर्फाने ॐ रेखलेला. आम्ही पोचलो तेव्हा ढगांनी सगळे झाकले होते. संध्याकाळी गारांसारखे टोचणारे बर्फ पडू लागले. दाजींनी जेवण नको म्हटले. "डोकं ठणकतंय जरा. झोपलो की हुईल कमी." ते डॉक्टरांना सांगितले. त्यांनी बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहिला, गोळी दिली आणि सकाळी पुन्हा पाहू म्हणाले. डोके तुकडीतल्या निम्म्या लोकांचे दुखत होते.

सकाळ म्हणजे मध्यरात्र. लिपुलेखची चढण रात्री दोनच्या सुमारास सुरू करतात. दिवस चढला की खिंडीत वारे माजतात, हवेचा भरवसा राहत नाही. आणि चीनचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असल्यामुळे पलीकडचे अधिकारीही ठरल्या वेळी येऊन उभे राहतात. शिवाय आणखी एक व्यवस्था असते. कैलासाची परिक्रमा करून परतणारी तुकडी त्याच पहाटे पलीकडून चढून येते. एक तुकडी जाते, एक येते आणि दोघींची गाठ खिंडीत पडते.

डॉक्टरांनी दाजींना पुन्हा तपासले. डोकेदुखी कमी होती, आकडा ठीक होता. निघालो. अंगावर चार थर कपडे, वर प्लॅस्टिकचा रेनकोट, तोंडाला मफलर. साठ विजेऱ्यांची रांग अंधारात वळणे घेत वर चालली होती. कुणी बोलत नव्हते. खेचरांच्या गळ्यातल्या घंटा आणि माणसांचे श्वास एवढाच आवाज. नऊ किलोमीटरची वाट, तीन हजार फूट चढ. मैदानात हे अंतर दाजी दोन तासांत कापत. इथे वीस पावले टाकली की थांबावे लागत होते.

चारच्या सुमाराला माझ्या लक्षात आले की दाजी माझ्या पुढे नाहीत. वर्षभरात असे एकदाही झाले नव्हते. मागे वळून विजेरी टाकली, तर ते वाट सोडून उताराच्या बाजूला चालले होते. त्यांच्या घोडेवाल्या पोराने त्यांचा दंड धरला होता. मी हाक मारली. त्यांनी ओ दिली, पण बघितले भलतीकडे. जवानाने शिट्टी वाजवली. डॉक्टर मागच्या टोळीबरोबर होते, ते वर आले. दाजींच्या तोंडावर उजेड टाकला. मग बर्फावर काठीने एक रेघ मारली आणि तिच्यावरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितले. तीस वर्षे ज्याच्या हाताने सुताचा फरक पडू दिला नाही, तो माणूस त्या रेघेवर तीन पावले नीट टाकू शकला नाही.

डॉक्टरांनी हिंदीत विचारले, "बाबूजी, आपण कुठे आहोत?"

दाजी शांतपणे म्हणाले, "वाखरी."

डॉक्टर दक्षिणेकडचे होते. त्यांना ते कळले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काय म्हणाले ते?"

वाचकहो, वाखरी म्हणजे पंढरपूरच्या अलीकडचा पालख्यांचा शेवटचा मुक्काम. तिथे रिंगण होते आणि दुसऱ्या दिवशी माणूस पंढरीत असतो. दाजींच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा मुक्काम तोच. डॉक्टरांना मराठी येत नव्हते. 'लिपुलेख म्हणाले' असे मी म्हटले असते, तर कदाचित आणखी दहा मिनिटे त्यांनी वाट पाहिली असती. माणूस किती उत्सुकतेने इथवर आला आहे हे मला ठाऊक होते. पण मी सांगितले, "पंढरपूरजवळचे गाव म्हणाले. आमच्या महाराष्ट्रातले."

डॉक्टरांनी पुढे एक प्रश्नही विचारला नाही. इंजेक्शन दिले, प्राणवायूची नळी लावली आणि दाजींना घोड्यावर बसवायला सांगितले. त्यांचा मदतनीस, एक जवान आणि तो घोडेवाला पोरगा असे तिघे त्यांना लगेच नाभीढांगला नेणार होते. तिथे सुधारणा दिसली नाही, तर आणखी खाली. माझ्याकडे वळून डॉक्टर म्हणाले, "तुम्हीही उतरू शकता. वैद्यकीयदृष्ट्या तुमचा तिथे उपयोग नाही. पण नातेवाईक तुमचे आहेत. पाच मिनिटांत ठरवा."

मी दाजींच्या घोड्याला धरून उभा होतो. ताईचे वाक्य आठवत होते. दोघे जाताय, दोघे या. दाजींनी माझा हात लगामावरून काढला. त्या वेळी त्यांना किती समजत होते, देव जाणे. म्हणाले, "पाव्हणं, पुढं व्हा. दिंडी मोडू नगा."

घोडा वळला. विजेरीचा एक ठिपका रांगेच्या उलट दिशेने खाली जाऊ लागला. मी तो दिसेनासा होईपर्यंत थांबलो आणि मग वर चालू लागलो.

पुढचे दोन तास मला नीट आठवत नाहीत. उजाडले तेव्हा आम्ही खिंडीत होतो. सीमा म्हणून तिथे पाहण्यासारखे काही नव्हते. दगडांचे ढीग, फाटलेल्या रंगीत पताका आणि कान कापून नेणारा वारा. डोंगराला ना रेघ, ना रंग. मागे आपल्याकडे ढगांचा समुद्र, पुढे तिबेटात ऊन पडलेले. तपकिरी, उघडेबोडके डोंगर. एका पावलात देश बदलतो, इतकेच.

परतणारी तुकडी वर आली. उन्हाने रापलेले, ओठ फाटलेले चेहरे; दोन्हीकडून 'ॐ नमः शिवाय'चा गजर झाला. त्या गर्दीत मी मराठी शोधत होतो. पन्नाशीच्या एक बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाल्या, "अगं, मोजे बघ आधी." मी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्या नाशिककडच्या शिक्षिका निघाल्या. दाजींचे नाव, वय, अंगातला निळा रेनकोट आणि घरचा फोन नंबर मी एका चिठ्ठीवर लिहून दिला. बोटे इतकी बधिर होती की नंबर दोनदा लिहावा लागला. त्यांनी चिठ्ठी पासपोर्टच्या पिशवीत ठेवली. "तुमचे दाजी ते आमचे दाजी. दिल्लीपर्यंत सोबत नेतो. जा तुम्ही निर्धास्त." मग त्या खाली गेल्या आणि मी पलीकडे उतरलो.

तिकडच्या उतारावर बस उभी होती. पासपोर्ट, तपासणी, घड्याळे अडीच तास पुढे. आम्ही तकलाकोटला, तिबेटी लोक ज्याला पुरंग म्हणतात त्या गावी पोचलो. याच परिसरात १८४१च्या डिसेंबरात जोरावरसिंगाचे सैन्य थंडीने गारठून हरले आणि तो स्वतः मारला गेला. सहप्रवासी बाजार पाहायला गेले. मी खोलीत पडून छताकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या एका दुकानातून काळेवाडीला फोन लागला. ताईनेच उचलला. तिला सगळे कळले होते. नाभीढांगला पोचेपर्यंत दाजी बरेच शुद्धीवर आले होते. परतणाऱ्या तुकडीबरोबर त्याच दिवशी ते गुंजीला उतरले आणि तिथल्या सॅटेलाइट फोनवरून त्यांनी स्वतः फोन केला. नाशिकच्या बाईंनी तो लावून दिला होता. ताईचा आवाज कोरडा होता. तिने एकच प्रश्न विचारला, "तू त्यांना सोडून पुढे गेलास?"

मी 'हो' म्हटले. तिने फोन ठेवला.

मी मानसरोवर पाहिले, कैलासाची परिक्रमा केली, साडेअठरा हजार फुटांवरची डोल्मा खिंड ओलांडली. त्यावर बरेच लिहिता येईल. पण पुष्कळांनी ते लिहिले आहे. त्या प्रश्नावर मात्र मी नंतर जितका विचार केला, तितका कशावरच केला नाही. डॉक्टरांच्या बाजूने हिशेब सरळ होता. आजारी माणसाबरोबर जाणकार माणूस होता, औषध होते, घोडा होता. माझी भर म्हणजे त्या तिघांना आणखी एका धापा टाकणाऱ्याची चिंता. तो हिशेब मला आजही पटतो. पुन्हा तीच पहाट आली, तर मी डॉक्टरांना तेच उत्तर देईन आणि वाटही तीच धरीन. पण ताई हिशेब विचारत नव्हती. माणूस आपल्याला कुठे आहोत हे विसरतो, तेव्हा त्याच्याजवळ त्याची भाषा कळणारे कुणी असावे, एवढेच तिचे म्हणणे होते. त्याला उत्तर नाही. ती माझ्याशी दिवाळीपर्यंत मोजकेच बोलली. भाऊबिजेला ओवाळताना तिने विचारले, "वाखरी म्हणाले, हे तूच सांगितलंस ना डॉक्टरला?" मी मान हलवली. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि ताट पुढे केले.

दाजींच्या लेखी या सगळ्याला फारसे महत्त्व नव्हते. गल्लीतले लोक विचारत, "काय, यात्रा अर्धवटच राहिली म्हणायची?" त्यावर ते म्हणत, "वाखरीपत्तुर गेलेला वारकरी वारीला गेला न्हाय, आसं म्हंतं का कुनी?" पुढच्या आषाढात ते पुन्हा पंढरीला चालत गेले.

आता ती वाट बदलली आहे. २०२०च्या ८ मे रोजी धारचुल्याकडून लिपुलेखला जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन झाले, त्यावर नेपाळने आक्षेप घेतला, आणि त्याच वर्षी महासाथीने यात्रा थांबली. सीमेवरचे संबंधही बिघडले. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५च्या जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली: लिपुलेखमार्गे ५० जणांच्या ५ तुकड्या आणि सिक्कीमच्या नाथू-लामार्गे १०. चार हजार पायऱ्या, मालप्याची दरड, छियालेखचा उभा चढ यांऐवजी आता गाडी आहे. ज्यांचे गुडघे गेले आहेत, त्यांच्यासाठी ही चांगलीच गोष्ट झाली. त्या खोऱ्यातल्या आजारी माणसांसाठी आणि बाळंतिणींसाठी तर फारच चांगली.

पण रस्त्याने पायांचे श्रम वाचतात, उंची कमी होत नाही. आम्ही धापा टाकत जे दिवस घालवले, त्या दिवसांतच शरीर विरळ हवेला सरावत होते. गाडीतून भराभर वर गेलेल्या माणसाला ते दिवस मुक्कामात बसून द्यावे लागतात, आणि बसून दिलेला दिवस आपल्याला फुकट गेल्यासारखा वाटतो. काळेवाडी समुद्रसपाटीपासून जेमतेम १,८०० फुटांवर आहे. इथे रोज दहा किलोमीटर चालणाऱ्याचीही १४ हजार फुटांवर परीक्षा वेगळीच होते. म्हणून जे कोणी साठीच्या आसपास हिमालयात निघत असतील, त्यांनी व्यायाम जरूर करावा, डॉक्टरांना दाखवावे, गुंजीसारख्या मुक्कामावर कंटाळा आला तरी थांबावे. डोकेदुखी लपवू नये. आणि निघण्याआधी, घरी सर्वांसमक्ष, एक गोष्ट बोलून ठेवावी: आपल्यातल्या एकाला परत फिरावे लागले, तर दुसऱ्याने काय करायचे. ताई, दाजी आणि मी, आम्ही तिघांनी आता ती बोलून ठेवली आहे. काय ठरले, ते घरातच राहू द्या. प्रत्येक घराचे उत्तर वेगळे असणार.